दारातलं गवत

भडगाव, ९ सप्टेंबर

श्री. भाईदास पाटील यांस,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पोस्टमन निदान दार वाजवतो, आणि दार वाजलं की धुळ्याच्या त्या घरातसुद्धा सगळ्यांच्या आधी तुम्हीच उठत असाल.

आधी कामाचं. रक्तदाबाच्या गोळ्या तुम्ही इथेच विसरलात. सोबतच्या चिठ्ठीवर नाव लिहिलं आहे, तिथे कुठल्याही दुकानात मिळतील. गुडघ्याचा पट्टा खुंटीवर राहिला आहे. नवलभाऊंचा जिना उभा आहे, चढताना कठडा धरा. धाकट्या भावाच्या घरी धरायला लाज वाटते, असलं काही मनात आणू नका.

काल नवलभाऊंचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, एवढ्याशा गवतावरून?" तुम्ही त्यांना काय सांगितलंत मला माहीत नाही. म्हणून माझी बाजू लिहून ठेवते. वाटल्यास त्यांना वाचून दाखवा.

आयुष्यभर मी मुलींना फळ्यावर गवताचं फूल काढून दाखवलं. एकाही मुलीने कधी ते खरं पाहिलं नाही, आणि मीही घाईतच पाहिलं. निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता दारात लावायचं आणि रोज पाहायचं. फाटकापासून ओट्यापर्यंत लावलं. गिरणेच्या काठचा वाळा, शिरपूरकडच्या डोंगरातलं रोशा गवत, बांधावरचा पवन्या, जळगावच्या नर्सरीतलं जांभळं फाउंटन ग्रास. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणालात, "गवत? इकत लई?" विकत आणलं, होय. लोक गुलाब विकत आणतात तेव्हा कोणी विचारत नाही.

दोन पावसाळे ते वाढलं, आणि त्याच दोन पावसाळ्यांत माझ्या डोळ्यांतला मोतीबिंदू पिकला. त्यामुळे त्याचा फुलोरा मला कधी नीट दिसलाच नाही. धूर उभा असल्यासारखा दिसायचा. रोशा मी वासाने ओळखायचे, पवन्या कानाने. संध्याकाळी ओट्यावर बसलं की सगळं अंगण हळूहळू श्वास घेतं आहे असं वाटायचं. हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. तुम्ही तेव्हा टीव्हीवर बाजारभाव बघत असायचात.

मग श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांसाठी भाऊबंद जमले. तुमचे चुलतभाऊ निंबाआबा फाटकातून आत येता येता म्हणाले, "काय भाईदास, दारमा गवत उगी गयं! घरमा कोणी ऱ्हास का नही?" सगळे हसले. मी आतून ऐकलं, मलाही हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून दळलेल्या गव्हाचे ते रोट, पण तुमच्या ताटातला तुम्ही अर्धा तसाच ठेवलात. मेघा म्हणते, आई, बाबांना ते लागलं हे तुला तेव्हाच कळायला हवं होतं. आपली लेक नाशिकला बसून काहीही म्हणते.

त्यानंतर माझं जळगावचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तरी मी मावसबहिणीकडे काळा चष्मा लावूनच बसले होते. एसटीतही काढला नाही. नव्या डोळ्याने पहिलं काय पाहायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. चष्मा मी फाटकाशी आल्यावर काढला.

काळी जमीन. झाडून, सारवून, शेणसडा घालून ठेवलेली. ओट्यावर तुम्ही नवा सदरा घालून उभे. "देख पुष्पा, कसं चकाचक करी ठेवं तुन्हासाठे!" आणि नळापाशी निंदणाऱ्या बाया खुरपी धूत बसलेल्या, भिकुबाईच्या हातात माझ्याच कपात चहा.

मी म्हणाले, "शेत वाट्याने देऊन टाकलं, आता हात शिवशिवले म्हणून माझं अंगण दिसलं का?"

ते वाक्य मी मागे घेतलेलं नाही. ते खोटं नाही. बायांसमोर म्हटलं, एवढंच.

तुम्ही आत गेलात, पिशवी घेतलीत आणि धुळ्याची गाडी धरलीत. सदरा बदलायचंही सुचलं नाही. आता तिथे तुमच्याकडे एकच चांगला सदरा असेल. नवलभाऊंचे तुम्हाला आखूड होतात.

तुम्ही परत या असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

पुष्पा पाटील


भडगाव, २६ सप्टेंबर

भाईदास पाटील यांस,

उत्तर आलं नाही. ठीक आहे.

एक बातमी आहे म्हणून लिहिते. गवत मेलेलं नाही. परवा सकाळी तोंड धुताना पाहिलं, तर काळ्या मातीत हिरवे सुईसारखे कोंब. एकाच ठिकाणी नाहीत, जिथे जिथे बुंधा होता तिथे तिथे. मी जवळ जाऊन बसले. डॉक्टरांनी वाकू नका म्हटलं आहे, म्हणून बसले. उजव्या डोळ्याने पात्याची कड दिसते, तिच्यावरची बारीक लव दिसते, लवेवर अडकलेलं पाणी दिसतं. मग तो डोळा झाकून डाव्याने पाहते. डावा अजून पिकलेलाच आहे. त्यातून सगळं अंगण हिरव्या वाफेसारखं दिसतं, कड कुठेच नाही. एकाच अंगणात दोन अंगणं आहेत आणि मी मधे बसले आहे. किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. दूध उतू गेलं.

भिकुबाई आली होती. तिला मी आत घेतलं नाही, ओट्यावरच बोलले.

"बाई, भाऊ कोठे गयात?"

"धुळ्याला. नवलभाऊंच्या घराचं काम निघालंय."

"ह्या वयमा? कोणतं काम? इटा वाहतंस का भाऊ?"

ती फतकल मारून बसली, तंबाखू चोळली आणि म्हणाली, "गवत गयं ते गयं, माणूस बी गया. आते तुम्ही वरडशात कोणावर?"

तुम्हाला ठाऊक आहे, असलं बोलणं मी कोणाचं ऐकून घेत नाही. पण तिच्या तोंडाला तोंड देऊन फायदा नसतो. मी विचारलं की गवत मुळापासून का नाही काढलं. ती म्हणाली की काढत होतो, पण ते बुंधे खुरप्याने हलेनात, म्हणून शेवटी विळ्याने छाटून वर माती ओढली. "भाऊले नका सांगू. त्यासले वाटस बठ्ठं निंघनं." सगळं निघालं, असंच तुम्ही धरून चालला होतात. मग कोंबांकडे बघून म्हणाली, "मन्ही बकरीले दी टाका ना हाई." मी नाही म्हटलं. ती हसली. तिला ते गवत अजूनही बकरीच्या तोंडातच दिसतं, आणि माझ्यावर उपकार केले याबद्दल तिच्या मनात काडीचीही शंका नाही.

जाता जाता तिने आणखी एक सांगितलं. तुम्ही त्या दिवशी उभं राहून काम करवून घेतलं नाहीत. सकाळपासून बायांबरोबर खुरपं घेऊन वाकला होतात, गुडघा दुखत होता तरी. "इतला खूश माणूस मी गंजच दिनमा देखा नही, बाई. गानं म्हणे भाऊ."

कोणतं गाणं, ते तिला आठवत नाही. मी दोनदा विचारलं.

तुम्ही शेवटचं गाणं म्हटलेलं मी कधी ऐकलं, याचा विचार करते आहे. शेत होतं तेव्हा कधीतरी. औत सोडून येताना.

गोळ्या घेता का?

पुष्पा


भडगाव, १६ ऑक्टोबर

अहो,

आधी हे सांगा, की काय केलंत तुम्ही कॉलनीत?

नवलभाऊंचा फोन आला तेव्हा मी घाबरले. त्यांचा आवाज रडवेला होता. कॉलनीच्या मधल्या बागेत सगळ्यांनी वर्गणी काढून लॉन लावलं होतं, आणि तुम्ही पहाटे फिरायला म्हणून जाऊन आठवडाभरात त्याचा अर्धा चौक खणून काढलात! "वहिनी, अध्यक्ष घरी आले. मी विचारलं दादा हे काय, तर दादा म्हणे, हराळी शे, नवल. वावरमा हराळी माजेल शे आनि तुम्ही तिले पानी देतंस!"

आता मी जे लिहिते ते नवलभाऊंना वाचून दाखवू नका. तुमचं म्हणणं बरोबर आहे. लॉन म्हणजे हराळीचीच जात. तुमच्या आईने जन्मभर जी उपटली, तिला त्या लोकांनी कारंजं लावून दिलं आहे. मी फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. पदर तोंडात धरून हसले. शेजारची बाई खिडकीतून डोकावली, तिला वाटलं मी रडते आहे.

नवलभाऊंनी माफी मागून मिटवलं म्हणे. तुम्ही त्यांच्या मागे उभे होतात, मान खाली घालून, हाताला माती. ते ऐकल्यावर मात्र माझं हसू गेलं.

इथे गवत गुडघ्याच्या वर आलं आहे. फुलोरा फुटू लागला आहे. फाउंटन ग्रासचे तुरे मांजराच्या शेपटीएवढे, ऊन मागून आलं की कडेला उजेडाची रेघ ओढल्यासारखे. रोशाचा तुरा चुरगळला की बोटाला वास दिवसभर राहतो. पोळ्या लाटताना येतो, वही चाळताना येतो. रस्त्याने जाणाऱ्या कॉलेजच्या मुली फाटकाशी उभ्या राहून फोटो काढतात. काल एकीने विचारलं, "मॅडम, हे कोणतं झाड?" मी म्हटलं, "गवत." तिला ते खरं वाटलं नाही.

परवा एक स्वप्न पडलं. मी स्वप्नं सांगणाऱ्यांतली नाही, पण हे उतरून ठेवते. घरभर गवत होतं. स्वयंपाकघरात, माजघरात, पलंगाखाली. उंच, रुपेरी, आणि आवाज असा की लांब कुठेतरी ज्वारी पाखडताहेत. तुम्ही त्यातून चालला होतात. उपटत नव्हतात. दोन्ही हातांनी ते बाजूला करत होतात, पडदा सारतात तसं, अगदी हलक्या हाताने, एकही काडी मोडू न देता. तुमचा गुडघा दुखत नव्हता. मी तुम्हाला नावाने हाक मारली. जन्मात कधी मारली नाही, स्वप्नात मारली. त्या सळसळीत तुम्हाला ती ऐकू गेली नाही. तुम्ही मागच्या दाराने बाहेर पडलात आणि गवत तुमच्यामागे मिटलं. मी चिडले नव्हते. नुसती उभी होते, छातीपर्यंत गवतात.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. अंगणात गेले. डाव्या डोळ्याने पाहिलं तर स्वप्न अजून चालूच होतं. मग उजवा उघडला.

दिवाळी चार दिवसांवर आली आहे. मेघा येणार आहे. तुमच्या सदऱ्याचं माप माझ्याजवळ आहे, शिवायला टाकला आहे. धुळ्याला कसा पाठवायचा ते कळवा.

पुष्पा


भडगाव, २५ ऑक्टोबर

अहो,

सदरा तसाच घडी घालून ठेवला आहे. तुम्ही काही कळवलं नाही.

मेघा आली, राहिली, आज गेली. चार दिवस तिचं एकच चाललं होतं: "आई, तू एकदा सॉरी म्हण ना." मी म्हटलं, "गवत कोणी छाटलं?" ती म्हणाली, "आणि बाबांना कोणी छाटलं?" बोलायला तुमच्यावर गेली आहे असं लोक म्हणतात. ते खरं नाही.

तुमच्याबद्दल एक मात्र ती बरोबर बोलली. म्हणाली, "आई, निंबाआबा गमतीने बोलले, पण दारात गवत म्हणजे घर ओस, हेच बाबा लहानपणापासून ऐकत आले. आणि त्यात खोटं काय आहे? मी नाशिकला. शेत दुसऱ्याकडे. घरात दोन माणसं, ती एकमेकांशी बोलत नाहीत. बाबांना ते गवत दिसलं नाही, त्यांना घर दिसलं." मी तिला म्हटलं, फार शिकलीस. आणि उठून चहा ठेवला.

पाडव्याला ताट केलं होतं. मेघाने मोबाइलवर तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला, म्हणाली इथूनच ओवाळ. तुम्ही उचलला नाहीत. बरंच झालं. मोबाइलला ओवाळताना मी कशी दिसले असते? निरांजन तिथेच पाटावर ठेवलं, तेल संपेपर्यंत जळलं.

पण काल सकाळी तुमचा फोन आला. मी 'हॅलो' म्हटलं. मागून रस्त्याचे आवाज येत होते, कोणीतरी भाजी विकत होतं. मग तुम्ही म्हणालात, "उगनं का?"

मी म्हटलं, "उगनं."

"बरं," म्हणालात, आणि ठेवलात.

माझ्या तोंडून अहिराणी कधी बाहेर पडते, तुम्हाला ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या आईशी बोलताना, आणि तेवढीच. ती गेल्यावर मी तुमच्याशीही शाळेतल्यासारखंच बोलत आले. काल तो एक शब्द आपोआप आला. दिवसभर मी तो मनात म्हणत होते. मी बी.एस्सी. झालेली बाई, एका क्रियापदाने दिवसभर गवतातून हिंडते आहे.

सदरा निळा आहे. बारीक रेघांचा.

पुष्पा


भडगाव, १३ नोव्हेंबर

अहो,

डाव्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. मेघा रजा घेऊन येते आहे, ती मला जळगावला नेईल, आणेल, थेंब घालील. तेव्हा त्यासाठी तुम्ही येऊ नका. कर्तव्य म्हणून कोणी आलेलं मला आवडत नाही.

इथे आता सगळा फुलोरा आला आहे. काय लिहू? सकाळी गिरणेकडून गार हवा येते तेव्हा सगळं अंगण एका दिशेने वाकतं आणि मग सावकाश उठतं. वाळा भगवा-तपकिरी झाला आहे, पवन्याचे तुरे पांढरे. चिमण्या येऊन तुऱ्यांवर बसतात, तुरा त्यांच्या वजनाने जमिनीला टेकतो, त्या उडतात आणि तो परत वर येतो. याच एका गोष्टीकडे मी सकाळभर बघत असते. ऑपरेशननंतर धूर जाईल. जाऊ दे. तो मला आता पाठ झाला आहे.

निंबाआबा रविवारी लग्नाची पत्रिका घेऊन आले. मी ओट्यावर होते, पण फाटकातून त्यांना मी दिसले नाही, गवत एवढं वाढलं आहे. त्यांनी हाक मारली, "कोणी शे का घरमा?" त्यात गंमत नव्हती, खरोखर विचारत होते. मी ओ दिली, ते आत आले, पाणी प्याले, गेले. आणि मी तिथेच बसून राहिले. एक माणूस माझ्याच दारात उभा राहून विचारतो, आत कोणी आहे का, आणि मला 'आहे' म्हणायला जरा वेळच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुरपं आणि विळा घेतला. फाटकापासून ओट्यापर्यंत सरळ एक पट्टा काढायला घेतला. दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा रुंद. त्यात रोशाचे माझे चांगले बुंधे गेले, जांभळ्या गवताची अख्खी रांग गेली. जेवढे निघाले तेवढे मागच्या परसात नेऊन लावले, बाकीचे भिकुबाईच्या बकरीला. भिकुबाई फाटकाला टेकून बघत होती, हात लावू का म्हणून विचारलंही नाही. "आते बाई निंदाले लागन्यात! भाऊले सांगाले पाहिजे." मी म्हटलं, "सांग." ती म्हणाली, "मी कशाले? तुम्हीच सांगा ना. रोज कागद लिहतंस ते काय गवतलेच लिहतंस का?"

पट्ट्यावर सडा घातला. दोन्ही बाजूंनी तुरे आत येत होते, ते सुतळीने मागे बांधले. आता रस्त्यावरून ओटा दिसतो, ओट्यावरची खुर्ची दिसते, खुर्चीत बसलेलं माणूस दिसतं. गवतही आहे. दोन्ही मावलं.

आणि हे करताना फाटकाजवळच्या कोपऱ्यात एक तण सापडलं, कुंदा.

शेजारच्या शेतातून कुंपणाखालून आला आहे. वरून बघणाऱ्याला पवन्यासारखाच वाटेल, पण मी एक काडी ओढून पाहिली, तुटली. खाली माती उकरली तर पांढरी, जाड काशी, जमिनीतल्या खोडाची, गाठीगाठीची, हाताच्या खोलीपर्यंत आणि त्याच्याही खाली गेलेली. तुमची आई नांगरामागे टोपली घेऊन हीच वेचायची. एक गाठ राहिली तरी पुढच्या वर्षी सगळं वावर खातो, असं तुम्ही मला लग्नानंतर पहिल्यांदा शेतात नेलंत तेव्हा सांगितलं होतंत, आणि मी त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिला होतात.

तो दोन वर्षांत माझं सगळं गवत खाऊन टाकील. वाळा, रोशा, सगळं. कुदळीने खोल खणून, माती चाळून, एक एक गाठ वेचून काढावा लागेल. दोन-तीन उन्हाळ्यांचं काम आहे, आणि घाई करणाऱ्या माणसाचं नाही. भिकुबाई म्हणाली, पाच बाया लावू, एका दिवसात काढू. मी तिला हात लावू दिला नाही.

मीही तो काढलेला नाही. उकरलेली माती परत लोटून ठेवली आहे.

या.

पुष्पा